हिमयुगाचा शेवट आणि समुद्राचं अभिसरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिमयुग कशामुळे संपलं असं विचारलं की काही जण सूर्याकडे बोट दाखवतात, काही कार्बन डायऑक्साइडकडे. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. पण त्या दोघांना जोडणारा दुवा बहुतेक वेळा राहून जातो, आणि तो दुवा म्हणजे समुद्र. त्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुठूनही वाचायला लागलात तरी चालेल. फक्त कार्बन डायऑक्साइड कुठून आला हा प्रश्न सोडू नका, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

हिमयुग संपलं म्हणजे नेमकं काय झालं?

साधारण २०,००० वर्षांपूर्वी कॅनडाचा बहुतेक भाग आणि आजच्या अमेरिकेचा उत्तरेकडचा भाग लॉरेन्टाइड नावाच्या हिमचादरीखाली होता. काही ठिकाणी तिची जाडी तीन किलोमीटरच्या घरात जात होती. स्कँडिनेव्हियावर आणि ब्रिटनच्या बऱ्याच भागावर दुसरी चादर पसरली होती. एवढं पाणी जमिनीवर गोठून बसल्यामुळे समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० ते १३० मीटर खाली होती. हवेतला कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत जेमतेम १९० भाग होता. पृथ्वीचं सरासरी तापमान औद्योगिक क्रांतीच्या आधीच्या तापमानापेक्षा ५ ते ७ अंश सेल्सिअसने कमी होतं.

ही घडी १९,००० वर्षांपूर्वीच्या आसपास विस्कटायला लागली. ११,७०० वर्षांपूर्वी आजचा उबदार काळ, म्हणजे होलोसीन, सुरू झाला. उरलेला बर्फ त्यानंतरही काही हजार वर्षं वितळत होता.

पण हा प्रवास सरळ रेषेत झाला नाही. उत्तर अटलांटिकच्या परिसरात १८,००० ते १४,७०० वर्षांपूर्वी कडाक्याचा गारठा होता. मग अचानक ऊब आली आणि ती १२,९०० वर्षांपूर्वीपर्यंत टिकली. त्यानंतर पुन्हा हजार-बाराशे वर्षं थंडी, आणि मग कायमची ऊब. अंटार्क्टिकातला क्रम पाहिला तर तो जवळजवळ उलटा दिसतो. उत्तर गारठलेली असताना दक्षिण तापत होती आणि उत्तर उबदार झाली की दक्षिण थबकत होती. हे कोडं समुद्राला बाजूला ठेवून सुटत नाही.

हिमयुगं सूर्यप्रकाशातल्या बदलांमुळे येतात-जातात असं शिकलो होतो. ते चुकीचं आहे का?

अजिबात नाही. सर्बियन गणिती मिलुटिन मिलानकोविच यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे गणित मांडलं. पृथ्वीच्या आसाचा कल सुमारे ४१,००० वर्षांच्या चक्रात बदलतो. आसाच्या परांचनाचा, म्हणजे भोवऱ्यासारख्या संथ डोलण्याचा, परिणाम २३,००० वर्षांच्या आसपास जाणवतो. कक्षेचा लंबगोलपणा १,००,००० वर्षांच्या चक्रात कमी-जास्त होतो. उत्तरेतल्या उन्हाळ्यात ६५ अंश अक्षांशावर किती ऊन पडतं, यावर हिवाळ्यातला बर्फ टिकणार की जाणार हे ठरतं. १९७६ मध्ये हेज, इंब्री आणि शॅकल्टन यांनी समुद्रतळाच्या गाळात हीच चक्रं शोधून दाखवली आणि तेव्हापासून या मांडणीचा पाया पक्का झाला.

अडचण दोन ठिकाणी येते. ऊन हजारो वर्षांत हळूहळू बदलतं, पण ग्रीनलंडचं तापमान काही दशकांत १० अंशांच्या आसपास उडी मारताना दिसतं. दुसरी अडचण अशी की परांचनाने उत्तरेचे उन्हाळे तापतात तेव्हा दक्षिणेचे निवतात, तरीही दोन्ही गोलार्ध हिमयुगातून बाहेर पडले ते बरोबरीने. म्हणजे उत्तरेत पडलेली ठिणगी दक्षिणेपर्यंत कोणीतरी पोचवली. सूर्याने सुरुवात करून दिली हे खरं, पण पुढचा वेग, अडखळणं आणि निरोप पोचवणं ही कामं समुद्राने केली. माझ्या मते या विषयातली सगळ्यात विलक्षण गोष्ट हीच आहे.

अटलांटिकचं अभिसरण म्हणजेच गल्फ स्ट्रीम का?

नाही, आणि हा गोंधळ बातम्यांमध्येही सतत होतो. गल्फ स्ट्रीम हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतचा जोरदार प्रवाह. त्याला मुख्यतः वारे आणि पृथ्वीचं फिरणं चालवतं. वारे वाहताहेत तोवर तो या ना त्या रूपात राहणारच.

आपण बोलतोय ते उभ्या अभिसरणाबद्दल. अटलांटिकमध्ये वरच्या थरातलं उबदार, खारट पाणी उत्तरेकडे जातं. ग्रीनलंड, आइसलँड, नॉर्वेच्या भोवतालच्या समुद्रांत ते आपली उष्णता हवेला देऊन टाकतं, थंड होऊन जड होतं आणि दोन-तीन किलोमीटर खोल बुडतं. मग तेच पाणी तळाकडच्या थरांतून दक्षिणेकडे परततं. आज या चक्रातून सेकंदाला सुमारे १ कोटी ७० लाख घनमीटर पाणी फिरतं. जगातल्या सगळ्या नद्या एकत्र केल्या तरी त्यांचा प्रवाह सेकंदाला १२ लाख घनमीटरच्या आसपास भरतो. गल्फ स्ट्रीममधून वाहणाऱ्या पाण्याचा काही भागच या चक्रात जातो, बाकीचं पाणी पृष्ठभागावरच गोल फिरून परत येतं.

अमेरिकन शास्त्रज्ञ वॉली ब्रोकर यांनी १९८० च्या दशकात याला सरकत्या पट्ट्याची उपमा दिली. ती इतकी रुजली की आज पाठ्यपुस्तकांतही तेच चित्र असतं. प्रत्यक्षात तिथे भोवरे आहेत, फाटे आहेत, उलटसुलट वाटा आहेत. पण मनात पहिलं चित्र उभं करायला ती उपमा पुरते.

थोड्या गोड्या पाण्याने एवढा मोठा प्रवाह कसा काय अडतो?

पाणी बुडायचं तर ते खालच्या पाण्यापेक्षा जड हवं. थंडीने पाणी जड होतं आणि मिठानेही होतं. समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. अति थंड पाण्यात तापमान आणखी एखाद्या अंशाने उतरलं तरी घनतेत फारसा फरक पडत नाही, म्हणून उत्तरेच्या समुद्रात क्षारतेचं वजन निर्णायक ठरतं. वितळलेल्या बर्फाचं गोडं पाणी वर पसरलं की ते झाकणासारखं तरंगत राहतं. कितीही थंड झालं तरी बुडत नाही, उलट गोठतं.

खरी गंमत पुढे आहे. हे अभिसरण स्वतःच दक्षिणेकडून खारट पाणी उत्तरेत आणत असतं. ते मंदावलं की मीठ कमी येतं, मीठ कमी आलं की पाणी हलकं होतं आणि प्रवाह आणखी मंदावतो. हेन्री स्टॉमेल यांनी १९६१ मध्ये दोन टाक्यांचं एक साधं गणिती प्रारूप मांडून दाखवलं की अशा व्यवस्थेला दोन स्थिर अवस्था असू शकतात, एक जोरात चालणारी आणि एक जवळजवळ थांबलेली. एकीतून दुसरीत जाणं सोपं, पण परतायचं तर नुसतं गोडं पाणी थांबवून भागत नाही, त्याहून मागे जावं लागतं. त्या काळी या लेखाकडे फारसं कोणी पाहिलं नाही.

मग १८,००० वर्षांपूर्वी समुद्रात काय झालं?

हिमचादरी कडेने वितळू लागल्या होत्या. ते पाणी अखेर उत्तर अटलांटिकमध्येच येत होतं. अभिसरण क्षीण झालं आणि त्यानंतर, सुमारे १७,००० ते १६,००० वर्षांपूर्वी, कॅनडातल्या हडसन सामुद्रधुनीतून हिमनगांचे तांडे समुद्रात उतरले. या काळाला पहिला हाइनरिक काळ म्हणतात. हार्टमुट हाइनरिक या जर्मन भूवैज्ञानिकाने १९८८ मध्ये त्याच्या खुणा वर्णन केल्या होत्या.

त्या खुणा दिसतात कशा, ते सांगायलाच हवं. जहाजावरून लांब पोलादी नळी समुद्रतळात घुसवून गाळाचा दंडगोल वर काढतात. तो उभा चिरला की आत करडी, मऊ, लोण्यासारखी माती दिसते. तिचा एकेक सेंटिमीटर कापून बारीक चाळणीवर पाण्याच्या धारेखाली धुतात. चिकणमाती निघून जाते आणि चाळणीवर पांढुरके दाणे उरतात. सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावर त्यांचे कवच होतात, फुगलेल्या कप्प्यांचे, भोकाभोकांचे. हे फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांचे सांगाडे. ओल्या, बारीक टोकाच्या ब्रशने एकेक दाणा टिपून वेगळा करावा लागतो. असं थरामागून थर चालू असतं. मग एका थरात कवच जवळजवळ नाहीसे होतात आणि चाळणीवर उरतात ते टोकदार वाळूचे कण, चुनखडीचे तुकडे, एखादा खडा. भर अटलांटिकमध्ये, किनाऱ्यापासून हजारो किलोमीटरवर खडा येणार कुठून? तो फक्त हिमनगाच्या पोटातून येऊ शकतो. त्यातली चुनखडी हडसन उपसागराच्या परिसरातल्या खडकांशी जुळते. आणि जे थोडे कवच सापडतात ते जवळजवळ सगळे ध्रुवीय पाण्यात राहणाऱ्या, डावीकडे वळत जाणाऱ्या एकाच जातीचे असतात.

आधी प्रवाह मंदावला की आधी हिमनग आले, हा वाद जुना आहे. मला पटतं ते असं: या वेळी तरी मंदावणं आधीचं. वरती गोड्या पाण्याचं आणि सागरी बर्फाचं झाकण बसल्यावर खालच्या थरांतली उष्णता बाहेर पडू शकली नाही. ती साचत गेली आणि समुद्रात उतरलेल्या हिमकड्यांना खालून पोखरू लागली. टेकू गेला आणि मागचा बर्फ घसरला. म्हणजे हिमनगांनी प्रवाह अडवला असेल, पण त्याआधी अडलेल्या प्रवाहानेच त्यांना मोकळं केलं होतं.

हजारो वर्षांपूर्वीचा प्रवाह मंद होता की जोरात, हे आज कसं कळतं?

प्रवाह मागे दगड ठेवत नाही, पण रसायनं ठेवतो. सर्वात सुंदर पद्धत दोन किरणोत्सारी मूलद्रव्यांची आहे. समुद्रात युरेनियम सगळीकडे सारखं विरघळलेलं असतं. त्याच्या ऱ्हासातून थोरियम-२३० आणि प्रोटॅक्टिनियम-२३१ कायम ठरावीक प्रमाणात तयार होतात. थोरियम कणांना चिकटून काही दशकांतच तळाला बसतं. प्रोटॅक्टिनियम मात्र शे-दोनशे वर्षं पाण्यात रेंगाळतं. अभिसरण जोरात असेल तर तेवढ्या वेळात ते उत्तर अटलांटिकमधून दक्षिणेकडे वाहून जातं आणि मागच्या गाळात त्याचं प्रमाण कमी भरतं. अभिसरण थांबलं तर दोन्ही जागच्या जागी बसतात आणि गुणोत्तर निर्मितीच्या वेळच्या ०.०९३ या आकड्याकडे सरकतं.

२००४ मध्ये जेरी मॅकमॅनस आणि सहकाऱ्यांनी बर्म्युडाजवळच्या गाळात हे मोजलं. पहिल्या हाइनरिक काळात गुणोत्तर ०.०९३ च्या अगदी जवळ गेलेलं निघालं. नंतरच्या थंडीच्या काळातही ते वाढलं, पण तितकं नाही.

एकट्या पुराव्यावर विसंबू नये हेही खरं. डायटम नावाच्या शैवालांचे सिलिकाचे कवच भरपूर असतील तर ते प्रोटॅक्टिनियम ओढून घेतात आणि आकडा फसवू शकतो. म्हणून तळाशी राहणाऱ्या फोरॅमिनिफेरांच्या कवचातला कार्बन-१३ (कार्बनचा जड प्रकार) आणि पृष्ठभागावरच्या व तळाच्या कवचांतल्या रेडिओकार्बन वयातला फरक हेही पाहतात. खोल पाणी हवेपासून जितका काळ तुटलेलं, तितकं त्याचं रेडिओकार्बन वय जास्त. हे सगळे साक्षीदार ढोबळमानाने एकच गोष्ट सांगतात, फक्त प्रवाह पूर्ण थांबला की थोडा वाहत राहिला यावर त्यांचं एकमत होत नाही.

उत्तर गारठली तर दक्षिण का तापली?

कारण उष्णता नाहीशी झाली नव्हती, तिचं जाणं थांबलं होतं. अटलांटिक हा एक चमत्कारिक महासागर आहे. तो दक्षिण गोलार्धातूनही उष्णता विषुववृत्तापलीकडे उत्तरेला नेतो. ही वाहतूक बंद पडली की उत्तरेला मिळायची ती ऊब दक्षिणेतच राहते. तराजूचं एक पारडं खाली गेलं की दुसरं वर येतं, तसंच हे.

उपमा थोडी सुधारून घ्यायला हवी. तराजूची पारडी एका क्षणी हलतात. ग्रीनलंडच्या हिमगाभ्यात, म्हणजे बर्फात खोल भोक पाडून काढलेल्या दंडगोलात, उड्या काही दशकांत दिसतात, पण अंटार्क्टिकातले चढउतार शतकानुशतकं संथपणे चालतात. थॉमस स्टॉकर आणि सिगफुस जॉनसन यांनी २००३ मध्ये याचं सोपं स्पष्टीकरण दिलं. मधे दक्षिण महासागर हे उष्णतेचं प्रचंड कोठार आहे, आणि कोठार भरायला वेळ लागतो.

पण उत्तरेला एवढी थंडी असेल तर हिमयुग संपायच्या ऐवजी वाढायला हवं होतं, नाही का?

हा प्रश्न मला सर्वात जास्त आवडतो, कारण उत्तर अपेक्षेच्या अगदी उलट आहे. ज्या काळात उत्तर अटलांटिक गारठला, त्याच काळात पृथ्वीने एकूण उष्णता साठवली.

याचा पुरावा हिमगाभ्यातल्या हवेच्या बुडबुड्यांत आहे. क्रिप्टॉन आणि झेनॉन हे वायू निसर्गात कशाशीही रासायनिक संयोग पावत नाहीत, आणि थंड पाण्यात ते जास्त विरघळतात. समुद्र तापला की ते हवेत येतात. त्यामुळे बुडबुड्यांतलं त्यांचं प्रमाण म्हणजे जणू संपूर्ण समुद्राचा तापमापक. त्यावरून हिमयुगाच्या शेवटी समुद्राचं सरासरी तापमान सुमारे अडीच अंशांनी वाढल्याचं दिसतं. अडीच अंश किरकोळ वाटतील, पण इथे सरासरी चार किलोमीटर खोलीच्या सगळ्या पाण्याची गोष्ट चालली आहे. आणि ही वाढ ग्रीनलंडच्या नव्हे, अंटार्क्टिकाच्या लयीत झाली.

शिवाय उत्तरेची ती थंडी मुख्यतः हिवाळ्याची असावी असं अनेक संशोधक मांडतात. सागरी बर्फ पसरल्यामुळे हिवाळे सैबेरियासारखे झाले. उन्हाळ्याचं ऊन मात्र कक्षेच्या गणितानुसार वाढतच होतं. हिमनद्या मरतात त्या उन्हाळ्यात.

कार्बन डायऑक्साइड नेमका कुठून आला?

खोल समुद्रातून. औद्योगिक काळाच्या आधी हवेत जितका कार्बन होता त्याच्या साठपटीच्या आसपास कार्बन समुद्रात होता. वरच्या थरातले जीव मेल्यावर खाली बुडतात, खोलवर कुजतात आणि त्यांच्यातला कार्बन तिथे विरघळून राहतो. खोल पाणी वर आलं नाही तर तो तिथेच कोंडलेला राहतो. हिमयुगात अंटार्क्टिकाभोवतीचं तळाचं पाणी फार थंड आणि आजच्यापेक्षा खूपच खारट होतं. समुद्रतळाच्या मातीच्या छिद्रांत अडकलेल्या जुन्या पाण्यावरून हे कळलं. असं जड पाणी तळाशी घट्ट बसलं होतं, त्यावर सागरी बर्फाचं झाकण होतं आणि त्यात कार्बन साचत होता.

मग उत्तरेचं अभिसरण मंदावलं. दक्षिण महासागर तापू लागला, त्यावरचा सागरी बर्फ आकसला. पश्चिमेकडून वाहणारे जोरदार वारे दक्षिणेकडे सरकले किंवा अधिक जोराने वाहू लागले. ते वारे पृष्ठभागाचं पाणी बाजूला ढकलतात आणि त्याची जागा घ्यायला खोलातलं पाणी वर येतं. त्याच्यासोबत हजारो वर्षांचा कोंडलेला कार्बन.

यामागचा पुरावा तळाच्या गाळात आहे. खोलातल्या पाण्यात सिलिका भरपूर असते. ते वर आलं की डायटम फोफावतात आणि त्यांच्या कवचांचा थर जाड होतो. २००९ मध्ये रॉबर्ट अँडरसन आणि सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकाभोवतीच्या गाळात दाखवलं की हा थर दोनदा जाड होतो, आणि या दोन्ही वेळा उत्तर गारठलेली होती. अंटार्क्टिकाच्या हिमगाभ्यातही तोच ताल आहे. कार्बन डायऑक्साइड १९० वरून २४० च्या आसपास चढला तो उत्तरेच्या पहिल्या गारठ्यात. मधल्या उबदार काळात तो जवळपास थांबला. दुसऱ्या गारठ्यात पुन्हा चढून २६५ च्या घरात गेला. त्याच सुमारास हवेतल्या रेडिओकार्बनचं प्रमाणही घसरलं, जे जुना, रेडिओकार्बन संपत आलेला कार्बन हवेत मिसळल्याचं चिन्ह आहे.

हे एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही. तापलेल्या पाण्यात वायू कमी विरघळतो. वाऱ्याने येणारी लोहयुक्त धूळ घटली, त्यामुळे दक्षिण महासागरातल्या शैवालांची वाढ आणि त्यांनी ओढून घेतलेला कार्बनही घटला. कोणाचा वाटा किती, हा हिशेब अजून चालू आहे. पण कुलूप कोणत्या दाराचं उघडलं, याबद्दल फारशी शंका उरलेली नाही.

म्हणजे आधी तापमान वाढलं आणि मग कार्बन डायऑक्साइड? मग तो तापमानवाढीचं कारण कसा?

अंटार्क्टिकाचं तापमान आणि कार्बन डायऑक्साइड जवळजवळ हातात हात घालून वाढले, तापमान कदाचित थोडं आधी. पण अंटार्क्टिका म्हणजे पृथ्वी नव्हे. २०१२ मध्ये जेरेमी शाकुन आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या ८० नोंदी एकत्र केल्या तेव्हा दिसलं की जागतिक सरासरी तापमान कार्बन डायऑक्साइडच्या मागून वाढलं. दक्षिणेने सुरुवात केली, वायू बाहेर आला आणि मग त्या वायूने बाकीच्या पृथ्वीला तापवलं. एखादी गोष्ट आधी परिणाम असते आणि पुढे कारणही होते, यात विसंगती काहीच नाही.

१४,७०० वर्षांपूर्वी उत्तरेत अचानक ऊब कशी आली?

अभिसरण पुन्हा सुरू झालं. या उबदार काळाला बॉलिंग-अॅलेरॉड म्हणतात. ग्रीनलंडचं तापमान काही दशकांत झपकन वर गेलं. खालच्या थरांत साचलेली उष्णता वर येणं, दक्षिणेतून मीठ परत येणं, हिमनगांचा ओघ आटणं आणि वाढलेला कार्बन डायऑक्साइड, हे सगळे यात भागीदार असावेत. कोणत्या काडीने उंटाची पाठ मोडली ते ठरवणं अवघड आहे.

इथेच एक न सुटलेलं कोडं आहे. ताहितीच्या बुडालेल्या प्रवाळांवरून कळतं की साधारण १४,६५० ते १४,३१० वर्षांपूर्वी समुद्र १४ ते १८ मीटरने चढला. म्हणजे वर्षाला सरासरी ४ ते ५ सेंटिमीटर. आजचा वेग वर्षाला सुमारे ४ मिलिमीटर आहे. एवढं गोडं पाणी समुद्रात आलं आणि तरीही उत्तरेची ऊब लगेच मोडली नाही! काहींच्या मते त्यातला बराच भाग अंटार्क्टिकातून आला, काहींच्या मते उत्तर अमेरिकेतून, पण जिथे पाणी बुडतं त्या जागांपासून दूर. यातून एक गोष्ट मात्र स्पष्ट होते. किती गोडं पाणी आलं याइतकंच ते कुठे आलं हेही महत्त्वाचं असतं.

यंगर ड्रायस हे नाव फुलावरून पडलं का?

हो. बॉलिंग-अॅलेरॉडनंतर परतलेल्या थंडीचं हे नाव. ड्रायस ऑक्टोपेटाला हे आठ पांढऱ्या पाकळ्यांचं, जमिनीलगत वाढणारं थंड प्रदेशातलं फूल. उत्तर युरोपातल्या तळ्यांच्या गाळात खाली झाडांचे अवशेष, वर पुन्हा या झुडपाची पानं, असा क्रम सापडला. म्हणजे जंगल येऊन पुन्हा गेलं होतं. १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वीच्या या थंडीचं सर्वाधिक मान्य कारण असं की लॉरेन्टाइड चादरीच्या कडेला साचलेल्या अगासिझ या अतिविशाल सरोवराचं आणि वितळत्या बर्फाचं पाणी नव्या वाटेने समुद्रात गेलं. ती वाट पूर्वेची सेंट लॉरेन्स की वायव्येची मॅकेंझी, यावर दोन्ही बाजूंनी पुरावे मांडले जातात.

ती थंडी उल्का किंवा धूमकेतू आदळल्यामुळे आली असं वाचलं होतं.

ही कल्पना २००७ मध्ये पुढे आली आणि बहुसंख्य संशोधकांना ती पटलेली नाही. अशा थंडीच्या लाटा हिमयुगात वारंवार येऊन गेल्या आहेत, त्यामुळे या एकीसाठी वेगळं कारण शोधायची गरज मलाही वाटत नाही.

याचा पावसावर काही परिणाम झाला का?

फार मोठा. उत्तर गोलार्ध थंड झाला की विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा उबदार गोलार्धाकडे, म्हणजे दक्षिणेकडे सरकतो. पहिल्या हाइनरिक काळात आशियाचा मान्सून क्षीण झाला. चीनमधल्या हुलू गुहेतल्या चुनखडीच्या स्तंभांत आणि अरबी समुद्राच्या गाळात त्याची स्पष्ट नोंद आहे. आफ्रिकेतलं व्हिक्टोरिया सरोवर, जे आज क्षेत्रफळाने जगातल्या सर्वांत मोठ्या सरोवरांपैकी आहे, त्या काळात आटलं होतं. उलट बोलिव्हियाच्या उंच, कोरड्या पठारावर ताउका नावाचं भलंमोठं सरोवर भरलं. ईशान्य ब्राझीलच्या आज शुष्क असलेल्या गुहांत या थंडीच्या काळांतच स्तंभ वाढले, कारण तेव्हाच तिथे पुरेसं पाणी झिरपत होतं. अटलांटिकमध्ये पाणी बुडायचं थांबतं आणि दुसऱ्या खंडावरचं सरोवर कोरडं पडतं, हे पहिल्यांदा कळलं की माणूस थक्क होतो.

आधीची हिमयुगंही अशीच संपली का?

मूळ घाट तोच. चीनमधल्या सानबाओ गुहेच्या नोंदी दाखवतात की आधीच्या हिमयुगांच्या शेवटीही मान्सून दीर्घकाळ क्षीण झाला होता, आणि त्याच वेळी उत्तर अटलांटिकमध्ये हिमनगांची वाळू पडत होती. तपशील वेगळे. सुमारे १,३०,००० वर्षांपूर्वी आधीचं हिमयुग संपलं तेव्हा गारठ्याचा एकच लांबलचक टप्पा होता, मध्ये यंगर ड्रायससारखी माघार नव्हती. त्यानंतरच्या उबदार काळात समुद्र आजच्यापेक्षा ५ ते १० मीटर उंच होता.

आज तसं पुन्हा होऊ शकतं का?

तसंच्या तसं नाही. हिमनगांचे ते तांडे पाठवणारी लॉरेन्टाइड चादर आता नाही. उत्तरेत मोठी चादर एकच उरली, ग्रीनलंडची. ती पूर्ण वितळली तर समुद्र सुमारे ७ मीटर चढेल, तेव्हाच्या १२० मीटरच्या मानाने थोडका. पण तेव्हा कार्बन डायऑक्साइड ७५-८० भागांनी वाढायला सुमारे ७,००० वर्षं लागली होती. आपण औद्योगिक क्रांतीपासून आजवर तो २८० वरून ४२० च्या पुढे नेला आहे.

आंतरसरकारी हवामान बदल मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार हे अभिसरण या शतकात मंदावेल याची शक्यता खूप जास्त आहे. २१०० च्या आत ते अचानक कोसळणार नाही, असं त्यांनी मध्यम खात्रीने म्हटलं. तो ‘मध्यम’ शब्द मला अस्वस्थ करतो, आणि नंतरच्या काही अभ्यासांनी ती खात्री आणखी कमी केली आहे. इतिहासातली उदाहरणं थंड, बर्फाळ जगातली आहेत. उबदार जगात हा प्रवाह कसा वागतो, याचा दाखला आपल्याकडे जवळजवळ नाही.

अटलांटिकच्या आरपार, २६.५ अंश उत्तर अक्षांशावर, २००४ पासून तळाला बांधलेल्या तारांवर उपकरणं लावून हा प्रवाह सतत मोजला जातो आहे. तेवढ्या काळात तो एका वर्षातसुद्धा इतका वरखाली होताना दिसला की नैसर्गिक चढउतार कुठे संपतो आणि खरी घसरण कुठे सुरू होते हे सांगायला आणखी बरीच वर्षं मोजत राहावं लागेल. गाळात मात्र एक सेंटिमीटरमध्ये बऱ्याचदा शंभर-दोनशे वर्षं मावतात.